वादकालीन आदेशांवरील अपील : तत्त्व आणि व्यवहार

१

दावा दाखल झाल्यापासून त्याचा अखेरचा निकाल लागेपर्यंत न्यायाधीशास एकच निर्णय द्यावयाचा असतो, अशी सर्वसामान्य माणसाची समजूत असते. प्रत्यक्षात या दोन टोकांच्या दरम्यान लहानमोठे अनेक आदेश होत असतात. वादपत्रात दुरुस्ती करू द्यावी की नाही, उशिरा आणलेले कागद दाखल करून घ्यावेत की नाही, तात्पुरता मनाई हुकूम द्यावा की नाही, मिळकतीवर रिसीव्हर नेमावा की नाही, दावा चालविण्याचा अधिकार या न्यायालयास आहे की नाही, असे प्रश्न वेळोवेळी उपस्थित होतात आणि ते तेथल्या तेथे सोडवावे लागतात. अशा निर्णयांस वादकालीन आदेश म्हणतात. यांपैकी एखादा आदेश चुकीचा झाला, तर ज्यास त्याची झळ पोचली त्याने लगेच वरिष्ठ न्यायालयाकडे जावे, की मुकाट्याने अखेरच्या निकालापर्यंत थांबावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित दावा डोळ्यांसमोर ठेवू. रत्नागिरी जिल्ह्यात दोघा भावांची एक सामाईक आंबाबाग आहे. धाकट्या भावाने वाटपाचा दावा लावला. दावा चालू असता थोरला भाऊ बागेतील जुनी झाडे तोडून लाकूड विकण्याच्या बेतात आहे, असे दिसल्यावरून धाकट्याने तात्पुरता मनाई हुकूम मागितला. न्यायालयाने तो नाकारला. पुढे त्याने आणखी एक जमीन दाव्यात समाविष्ट करण्यासाठी वादपत्राच्या दुरुस्तीचा अर्ज दिला. तोही नामंजूर झाला. अखेर न्यायालयाने प्राथमिक हुकूमनामा करून हिस्से ठरविले, आणि त्यात आपला हिस्सा कमी धरला गेला, असे वादीस वाटते.

तिन्ही ठिकाणी वादीची तक्रार एकच आहे : न्यायाधीशाची चूक झाली. परंतु कायदा त्यास तीन निराळी उत्तरे देतो. मनाई हुकूम नाकारणाऱ्या आदेशावर तो लगेच अपील करू शकतो. दुरुस्ती नाकारणाऱ्या आदेशावर त्यास अपील नाही. ती तक्रार त्याने अखेरच्या अपिलापर्यंत राखून ठेवावी. प्राथमिक हुकूमनाम्यावर मात्र त्याने त्याच वेळी अपील केलेच पाहिजे, नाहीतर ते दार त्याच्यापुरते कायमचे बंद होते. या तीन उत्तरांमागील सूत्र कोणते, हे कळले म्हणजे या विषयातील बहुतेक गुंतागुंत आपोआप उकलते. ते सूत्र असे : आदेश चूक की बरोबर, एवढ्यावर तत्काळ अपिलाचा प्रश्न ठरत नाही, ती चूक नंतर दुरुस्त करता येण्याजोगी आहे की नाही, यावर तो ठरतो.

२

या सूत्रामागे दोन परस्परविरोधी अनिष्टांचा तोल आहे. प्रत्येक आदेशावर अपील करण्याची मुभा दिली, तर दावा कधीच पुढे सरकणार नाही. ज्याचा ताबा आहे, ज्याच्याजवळ पैसा आहे आणि ज्यास विलंब हवा आहे, त्याच्या हाती ही मुभा म्हणजे एक हत्यारच होय. शिवाय अशी कित्येक अपिले निष्फळ ठरतात. कारण ज्याच्याविरुद्ध वादकालीन आदेश झाला तोच पक्ष अखेर दावा जिंकला, तर त्या आदेशाचे महत्त्व उरत नाही. उलटपक्षी, कोणत्याही आदेशावर अपील नाही असे म्हटले, तर आपल्या वादीची झाडे तोडली जातील, आणि पाच-सात वर्षांनी वरिष्ठ न्यायालयाने ‘मनाई हुकूम द्यावयास हवा होता’ असे म्हटल्याने ती पुन्हा उभी राहणार नाहीत. दुरुस्ती नाकारल्याची गोष्ट वेगळी आहे. अखेरच्या अपिलात ती चूक सिद्ध झाली, तर ती जमीन वाटपात घेता येते. वेळ आणि खर्च वाया जातो हे खरे, पण हक्क नष्ट होत नाही.

३

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने हा तोल यादीच्या मार्गाने साधला आहे. कलम १०४ आणि ऑर्डर ४३ नियम १ यांत अपीलयोग्य आदेशांची गणना केलेली असून, त्या गणनेबाहेरील आदेशावर, संहितेत वा अन्य कायद्यात स्पष्ट तरतूद नसेल तर, अपील चालत नाही. वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत करणे, एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज नाकारणे, तात्पुरता मनाई हुकूम देणे वा नाकारणे, रिसीव्हर नेमणे, हे आदेश या यादीत आहेत. यादी लक्षपूर्वक वाचली असता असे दिसते की, पक्षकारास न्यायालयाच्या दारातून बाहेर घालविणारे किंवा वादविषयाची स्थिती तत्काळ बदलणारे आदेश त्यात प्रामुख्याने आले आहेत. यादीतील आदेशावरही अपील एकदाच होते. कलम १०४ (२) प्रमाणे अशा अपिलात झालेल्या आदेशावर पुन्हा अपील नाही.

यादीबाहेरील आदेशांचे काय होते, ते कलम १०५ (१) सांगते. अशा आदेशातील चूक, दोष किंवा अनियमितता जर दाव्याच्या निर्णयावर परिणाम करणारी असेल, तर ती हुकूमनाम्यावरील अपिलाच्या अर्जात आक्षेप म्हणून मांडता येते. म्हणजे मुकाट्याने थांबणारा पक्षकार आपला हक्क गमावीत नाही. येथे ‘निर्णयावर परिणाम करणारी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. निकालास स्पर्श न करणारी चूक अखेरीसही उपयोगी पडत नाही.

या नियमास दोन मोठे अपवाद आहेत, आणि विद्यार्थ्यांची व नवख्या वकिलांची फसगत बहुधा येथेच होते. पहिला अपवाद कलम ९७ चा. प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील केले नाही, तर अंतिम हुकूमनाम्यावरील अपिलात त्याची सत्यासत्यता पुन्हा काढता येत नाही. १९६३ च्या मुदत अधिनियमाप्रमाणे हे अपील जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत व उच्च न्यायालयात ९० दिवसांत करावयाचे असते. ‘हिस्से नुसते ठरले आहेत, प्रत्यक्ष वाटप तर व्हावयाचेच आहे, तेव्हा पाहू’ असे म्हणून स्वस्थ बसणारा पक्षकार मोजणी होऊन, नकाशे तयार होऊन, सरस-निरस वाटप ठरेपर्यंत जागा होत नाही. आणि तोवर त्याच्या हिश्शाचा प्रश्न कधीच मिटलेला असतो. दुसरा अपवाद कलम १०५ (२) चा : अपीलयोग्य अशा फेरचौकशीच्या आदेशावर त्या वेळी अपील केले नाही, तर पुढे त्याविषयी तक्रार करता येत नाही. दोहोंमागील कारण एकच. या पायऱ्यांवर पुढील सर्व कामाची इमारत उभी राहावयाची असते. पाया कच्चा आहे असे ज्यास वाटते, त्याने ते भिंती चढण्यापूर्वी सांगावे.

हा दुसरा अपवाद किती मर्यादित आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये सत्यध्यान घोषाल विरुद्ध देवराजिन देवी या प्रकरणात स्पष्ट केले. कलकत्त्यातील एका जमीनमालकास १९४९ मध्ये भाडेकरूंविरुद्ध हुकूमनामा मिळाला होता. उच्च न्यायालयाने पुनरीक्षणात भाडेकरूंना ठिका भाडेपट्टा कायद्याचा लाभ मिळतो असे ठरवून प्रकरण खाली पाठविले. मालकाने त्या वेळी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली नव्हती; तेव्हा तो मुद्दा आता पूर्वनिर्णीत झाला, असा आक्षेप पुढे घेण्यात आला. न्यायालयाने तो अमान्य केला. ज्या आदेशाने मूळ प्रकरण संपत नाही, तो आदेश त्या वेळी आव्हान दिले नाही एवढ्यानेच अखेरच्या अपिलात अस्पर्श्य ठरत नाही, असे त्या निर्णयाचे तात्पर्य आहे. थांबणाऱ्यास कायद्याने दिलेले हे अभय नसते, तर सावधगिरीखातर प्रत्येकजण प्रत्येक आदेशावर वर धावला असता.

४

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील उच्च न्यायालयांत हा प्रश्न आणखी एका वळणाने आला. १८६५ च्या लेटर्स पेटंटमधील खंड १५ प्रमाणे एकट्या न्यायाधीशाच्या ‘निर्णया’वर त्याच न्यायालयातील खंडपीठाकडे अपील करता येते. परंतु ‘निर्णय’ कशास म्हणावे, याची व्याख्या तेथे नाही. कलकत्त्यास १८७२ मध्ये मुख्य न्यायाधीश काउच यांनी पक्षकारांमधील एखादा हक्क वा दायित्व ठरविणे, ही कसोटी सांगितली. मद्रासला १९१० मध्ये मुख्य न्यायाधीश व्हाइट यांनी आदेशाच्या रूपापेक्षा त्याच्या परिणामाकडे पाहण्याची कसोटी मांडली. शतकभर चाललेला हा मतभेद सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये शाह बाबुलाल खिमजी विरुद्ध जयाबेन कानिया या मुंबईच्या प्रकरणात मिटविला. करारपूर्तीच्या दाव्यात रिसीव्हर व मनाई हुकूम एकट्या न्यायाधीशाने नाकारले होते, आणि हा ‘निर्णय’च नव्हे म्हणून खंडपीठाने अपील ऐकण्यास नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या : ऑर्डर ४३ ची यादी उच्च न्यायालयातील अंतर्गत अपिलांनाही लागू होते, आणि यादीबाहेरील वादकालीन आदेशही, त्यास अंतिमतेचे स्वरूप असेल व त्याने पक्षकाराच्या महत्त्वाच्या हक्कास प्रत्यक्ष आणि तत्काळ बाधा येत असेल, तर ‘निर्णय’ ठरतो. म्हणजे यादीच्या जोडीला येथे पुन्हा तेच सूत्र आले. बाधा दूरची आणि संभाव्य असेल तर थांबावे. ती आताची आणि अपरिवर्तनीय असेल तर ऐकावे.

अपील चालते एवढ्याने ते यशस्वी होईल असे मात्र नाही. १९९० च्या वाँडर लिमिटेड विरुद्ध अँटॉक्स या निर्णयाने सांगितल्याप्रमाणे, तात्पुरत्या मनाई हुकुमाबाबत खालच्या न्यायालयाने आपला विवेकाधिकार वापरलेला असतो. तो लहरीपणाने, विपर्यस्तपणे किंवा प्रस्थापित तत्त्वे डावलून वापरला असेल तरच वरिष्ठ न्यायालयाने हात घालावा. आपण त्या जागी असतो तर निराळे ठरविले असते, एवढे कारण पुरेसे नाही. दार उघडे असले तरी उंबरठा उंच आहे.

५

यादीबाहेर राहिलेल्या पक्षकारांनी दुसऱ्या दारांचा शोध घेणे स्वाभाविकच होते. त्यांतील प्रमुख दार कलम ११५ खालील पुनरीक्षणाचे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यावर अट घातली : आदेश अर्जदाराच्या बाजूने झाला असता तर दावा संपला असता, किंवा तो आदेश तसाच ठेवल्यास न्यायाची हानी वा भरून न निघणारे नुकसान होईल, तरच हस्तक्षेप करावा. १९९९ च्या दुरुस्तीने यांपैकी दुसरे कारण काढून टाकले, आणि ही दुरुस्ती १ जुलै २००२ पासून अमलात आली. परिणामी आपल्या कल्पित दाव्यातील दुरुस्तीचा अर्ज नाकारणारा आदेश पुनरीक्षणाच्याही बाहेर गेला. कारण दुरुस्ती मिळाली असती तरी दावा संपला नसता, उलट वाढलाच असता.

परंतु एका जागी बांध घातला की पाणी दुसरीकडून वाट काढते. पक्षकार संविधानाच्या अनुच्छेद २२६ व २२७ कडे वळले. २००३ मध्ये सूर्यदेव राय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संहितेच्या दुरुस्तीने उच्च न्यायालयाचे संविधानदत्त अधिकार कमी होत नाहीत. २०१५ मध्ये राधेश्याम विरुद्ध छबीनाथ या प्रकरणात मोठ्या पीठाने दिवाणी न्यायालयाच्या न्यायिक आदेशांविरुद्ध अनुच्छेद २२६ खालील प्राधिलेख मागता येणार नाही असे ठरविले. अनुच्छेद २२७ खालील देखरेखीचा अधिकार मात्र अबाधित राहिला. हा अधिकार खालच्या न्यायालयास त्याच्या मर्यादेत ठेवण्यासाठी आहे, साध्या चुका दुरुस्त करण्यासाठी नाही, हे १९५४ च्या वर्यामसिंग प्रकरणापासून सांगितले गेले आहे. तरीही जे आदेश विधिमंडळाने अपील व पुनरीक्षण या दोहोंतून वगळले, तेच आज रिट याचिकांच्या रूपाने उच्च न्यायालयापुढे येतात. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय अधिनियमाने कलम ८ व १३ अन्वये पुनरीक्षण बंद करून ऑर्डर ४३ च्या यादीबाहेरील आदेशांवरील अपीलही बंद केले. पण कोणताही सामान्य कायदा संविधानाने दिलेला अधिकार काढून घेऊ शकत नाही, ही मर्यादा त्यासही आहेच.

६

महाराष्ट्राने या बाबतीत स्वतःचा एक प्रयोग केला, आणि तो विशेष बोधप्रद आहे. सरकारला आवश्यक ती पूर्वसूचना न देताच दावा लावावयाचा, तात्पुरता मनाई हुकूम मिळवावयाचा आणि मग दावा काढून घ्यावयाचा, अशी एक प्रथा मुंबईत बळावली होती. तिला आळा घालण्यासाठी संहितेत राज्यापुरते कलम ९-अ घालण्यात आले. १९७० मध्ये प्रथम आणि १९७७ मध्ये पुन्हा. अंतरिम मागणीच्या सुनावणीत प्रतिवादीने न्यायालयाच्या अधिकाराविषयी आक्षेप घेतला, तर तो प्रश्न प्रारंभिक मुद्दा म्हणून आधी निकालात काढावा, असे हे कलम सांगे.

हेतू चांगला होता. परिणाम मात्र उलटा झाला. विलंब हवा असलेल्या प्रतिवादीने आक्षेप घ्यावा, त्यावर पुरावा व्हावा, निर्णय व्हावा, आणि मग त्या निर्णयाविरुद्ध पुनरीक्षण करावे. आक्षेप मान्य झाला असता तर दावा संपला असता, म्हणून कलम ११५ ची उरलेली अट येथे बरोबर पुरी होते. अशा रीतीने मुख्य दाव्याच्या उंबरठ्यावरच एक छोटा दावा उभा राही, आणि मुख्य दावा बाहेर ताटकळत असे. २०१८ मध्ये राज्य विधिमंडळाने हे कलम रद्द केले. २०१९ मध्ये नस्ली वाडिया विरुद्ध आयव्हरी प्रॉपर्टीज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थही संकुचित केला : मुदतीचा प्रश्न तथ्य आणि कायदा यांचे मिश्रण असेल, तर तो या कलमाखाली प्रारंभिक मुद्दा म्हणून तोडता येत नाही. घाईने न्याय करण्यासाठी केलेली तरतूदच विलंबाचे साधन कशी होते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

७

फौजदारी कायद्यात हाच पेच अधिक तीव्र होतो, कारण तेथे व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न असतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९७ (२) ने वादकालीन आदेशांविरुद्ध पुनरीक्षण पूर्णपणे बंद केले. हीच तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३८ (२) मध्ये आली आहे. या बंदीचा अर्थ १९७७ मध्ये मधू लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात लागला. राज्याच्या एका मंत्र्याविषयीच्या विधानांवरून समाजवादी नेते लिमये यांच्यावर मुंबईच्या सत्र न्यायालयात बदनामीचा खटला झाला, आणि तो चालविण्याच्या अधिकारासच त्यांनी हरकत घेतली. ती फेटाळणारा आदेश वादकालीन आहे, म्हणून पुनरीक्षण नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने अंतिम आणि वादकालीन यांच्यामध्ये एक तिसरा, मधला वर्ग मानला : जो आदेश उलट झाला असता तर कार्यवाहीच संपली असती, तो निव्वळ वादकालीन नव्हे. उलट, १९७९ च्या विशेष न्यायालय अधिनियमाखाली दोषारोप ठेवणारा आदेश वादकालीनच होय, असे व्ही. सी. शुक्ला प्रकरणात ठरले. कारण त्या अधिनियमाचा सारा रोख शीघ्र निकालाकडे होता. शब्द तोच, परंतु कायद्याचा हेतू बदलताच त्याचा अर्थ बदलला.

८

खरे मर्म अपिलापेक्षा स्थगितीत आहे. ऑर्डर ४१ नियम ५ प्रमाणे नुसत्या अपिलाने खालची कार्यवाही थांबत नाही. त्यासाठी निराळा आदेश लागतो. तो एकदा मिळाला म्हणजे अपिलाचा निकाल कधी लागतो याची फिकीर अपीलकर्त्यास उरत नाही. हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एशियन रिसर्फेसिंग प्रकरणात सांगितले की, विशेष कारण नोंदवून मुदत वाढविली नाही, तर खटल्याची स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपेल. परंतु हा उपाय प्रामाणिक पक्षकारासही लागू होई; न्यायालयास सुनावणी घेण्यास सवड झाली नाही, तर त्याचा दोष नसता त्याचे संरक्षण जाई. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा नियम रद्द ठरविला. ठोकळेबाज नियमाने हा तोल साधत नाही, हेच यावरून दिसते.

अन्य देशांतील अनुभवही याहून वेगळा नाही. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १७८९ पासून अखेरच्या निकालावरच अपील, हा मूळ नियम आहे. तेथेही १८९१ मध्ये मनाई हुकुमांसाठी अपवाद करावा लागला. १९५८ च्या कायद्याने तर खुद्द खालच्या न्यायाधीशासच असे प्रमाणित करण्याची मुभा दिली की, आपल्या आदेशात कायद्याचा एक निर्णायक व मतभेदास जागा असलेला प्रश्न आहे आणि त्यावर लगेच अपील झाल्यास वाद लवकर संपेल. ते अपील स्वीकारावयाचे की नाही, हे मग वरिष्ठ न्यायालय ठरविते. ज्याने आदेश दिला त्यालाच ‘येथे मी चुकलो असण्याचा संभव आहे, आणि ती चूक आताच तपासणे हिताचे आहे’ असे म्हणता यावे, ही कल्पना आपल्याकडील विचारवंतांनी तपासून पाहण्याजोगी आहे.

सारांश, वादकालीन अपिलाचा कायदा म्हणजे चुकांच्या वर्गवारीचा कायदा होय. काही चुका थांबू शकतात, काही थांबू शकत नाहीत, आणि काहींना थांबू देणे हेच पुढे अन्यायाचे मूळ ठरते. आपल्या कल्पित वादीने मनाई हुकुमासाठी लगेच वर जावे, दुरुस्तीची तक्रार जपून ठेवावी आणि प्राथमिक हुकूमनाम्यावर मुदतीत अपील करावे. या तिन्ही गोष्टी त्यास वेळेवर समजावून सांगणारा वकील त्याच्या पाठीशी असेल, तरच ही सारी रचना त्याच्या उपयोगी पडते. ते नसेल तर वर्गवारी कितीही सूक्ष्म असो, झाडे तोडली जातील आणि हिस्सा जाईल. हाती राहील तो एक निर्दोष, पण उशिरा आलेला निकाल.